देवाची वाट झाडणारी गयाबाई

जवळा बाजारच्या पुढं टाकळीचा फाटा आहे. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट सांगतो. डिसेंबर सरत आला की त्या फाट्यावर एस.टी.तून उतरणाऱ्या नवख्या माणसाला एक भलतंच दृश्य दिसायचं. पन्नाशीकडं झुकलेली एक बाई, अंगावर ठेवणीतलं जांभळं पातळ, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एवढासा क्रूस, आणि हातात शिंदीच्या पानांचा लांब फडा. भर दहाच्या उन्हात, येत्या-जात्या माणसांच्या देखत, ती गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता झाडत यायची. नवख्याला वाटायचं, ग्रामपंचायतीनं बाई ठेवलेली दिसते. एखादा विचारायचाही, "पगार किती हाय हो बाई?"

"पगार न्हाई," ती मान वर न करता सांगायची. "पाव्हणा यायचा हाय माझा."

गावातलं कुणी मात्र हसत नसे. त्यांचं हसून झालं होतं. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या नव्याण्णव सालापर्यंत गाव गयाबाईला पोटभर हसलं, आणि त्याच सालच्या डिसेंबरात ते हसू गावाच्या घशात अडकलं. ते कसं अडकलं ते सांगायचं तर आधी तिच्या सासूपासून सुरुवात करावी लागेल.

सासू चंद्रभागाबाई. गावाबाहेरच्या वस्तीत चार घरं कॅथलिक झाली त्यातलं पहिलं तिचं. बाहत्तरच्या दुष्काळात पटकीनं ती मरायला टेकली होती, तेव्हा मिशनातल्या एका सिस्टरनं तिला पंधरा दिवस आपल्या हातानं पाणी पाजलं. "आपल्या हातानं" हे शब्द चंद्रभागाबाई दरवेळी दोनदा म्हणायची. त्या हाताचा देव तिला हवासा वाटला. यात फसवाफसवी होती, लालूच होती, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आधी तिला कुणी दुसऱ्यानं पाणी का पाजलं नाही ते सांगावं.

या घराचा धंदा केरसुण्यांचा. शिंदीची पानं आणायची, वाळवायची, चिरायची, वाखाच्या दोरीनं मूठ बांधायची. घरात वापरायची ती केरसुणी आणि अंगण-रस्त्याला लागतो तो लांब दांड्याचा फडा. धंदा हा, आणि त्याच्या जोडीला पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात बांधलेलं गावचं झाडणं, म्हणजे गावकी. सणावाराला, लग्नकार्याला, पाटलाच्या दारापासून चावडीपर्यंतची वाट याच घरानं झाडायची. तीही पहाटे, गाव उठायच्या आत, म्हणजे झाडणाऱ्याचं तोंड कुणाला दिसू नये. बदल्यात खळ्यावरचं धान्य आणि शिळ्या भाकरी.

तर चंद्रभागाबाई कॅथलिक झाल्यावरचा पहिलाच आगमनकाळ. नाताळच्या आधीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ. त्यात खाण्यापिण्यात थोडं मन मारायचं, पापांची कबुली द्यायची, मनानं तयार व्हायचं. फादर मोटरसायकलवर महिन्यातून एकदा यायचे. त्यांनी वस्तीला समजावून सांगितलं, प्रभू येणार आहे, त्याची वाट तयार ठेवा. दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर मान डोलावून घरी गेलं असतं. ही फडे बांधणारी बाई. तिनं घरी येऊन कोरा करकरीत फडा बांधला आणि दुसऱ्या दिवसापासून वाट झाडायला घेतली. पहिल्या आठवड्यात आपल्या दारापुढची, दुसऱ्यात वस्तीची, तिसऱ्यात गावातून जाणारी, आणि चौथ्यात थेट फाट्यापर्यंत, जिथं फादरची मोटरसायकल डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागायची.

पुढच्या खेपेला फादरनी विचारलं, "चंद्रभागाबाई, वाट तयार केली का?"

"केली जी. फाट्यापस्तोर झाडली."

फादर खूप हसले. मग त्यांनी समजावलं, की वाट म्हणजे मनाची वाट. चंद्रभागाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मन बी झाडीन की. पर मरियामाय पोटुशी हाय, गाढवावर बसून येऊन राहिली. वाटंत काटे असले तर मन झाडून तिला काय फायदा?"

त्या वर्षापासून त्या घराची ही रीत पडली.

म्हातारी मोठी धोरणी. गावचं झाडणं आणि देवाचं झाडणं यांत गल्लत होणार हे तिनं ओळखलं होतं. म्हणून तिनं नियम घातले. फडा आपला, नवा. झाडायची ती फक्त वाट, कुणाचं अंगण नाही. आणि झाडताना कुणाकडून काही घ्यायचं नाही, धान्य नाही, भाकर नाही, चहाचा घोटसुद्धा नाही. चार आठवडे घरातल्या चहातही गूळ-साखर बंद. फक्त तिसऱ्या रविवारी, आनंदाच्या रविवारी, गूळ घालायचा. दर रविवारी उंबऱ्यावर एक पणती वाढवायची. आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी झिजलेला फडा सोडायचा, शेळ्यांच्या चाऱ्याच्या टोपलीत त्याची पानं अंथरायची आणि त्यावर सिस्टरनी दिलेला मातीचा बाळ येशू निजवायचा. बाळाला वाटेवरच्या धुळीचाच बिछाना. म्हातारी म्हणायची, राजवाड्यात जायचं असतं तर आला कशाला असता इकडं?

तिचा लेक जळबा, गयाबाईचा नवरा, त्यानं पुढं एक दिवस चावडीवर जाऊन सांगून टाकलं की आजपासून गावचं झाडणं बंद. साल अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षं खळ्यावर त्यांना कुणी उभं केलं नाही. गयाबाई तेव्हा नवी नवरी. अंबाडीची भाजी मीठ न घालता खाल्ली, पण नवऱ्याला एका शब्दानं "परत जा" म्हणाली नाही. देवाची वाट मात्र चालूच राहिली, आणि तीही पहाटेच, कारण झाडायचं ते पहाटे अशी हाताला सवय. ही सवयच पुढं नडली.

सासू गेली. शहाण्णव साली काविळीनं जळबाही गेला. राहिल्या गयाबाई आणि तिची मुलगी रागिणी, बाप्तिस्म्याचं नाव रीटा.

अठ्ठ्याण्णवच्या आगमनकाळात तिसऱ्या आठवड्यात गयाबाईच्या अंगात सणसणून ताप होता. पहाटेचा गारठा असा की बोटं फड्याला चिकटून बसलेली. पाटलांच्या दारापुढून झाडत जाताना उकंडराव पाटलांची आई, लोचनाबाई, अंगणात आली. म्हातारीला रात्र-रात्र झोप नसायची. तिनं दारातूनच हाक मारली, "गया, थरथर कापून राहिली की गं. घोटभर चहा घे."

दाराबाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेली एक कपबशी कायमची ठेवलेली असे, वस्तीतल्या माणसांसाठी. लोचनाबाईनं वरून त्यात चहा ओतला. आणि गयाबाईनं घेतला. तिनं स्वतःला कितीदा विचारलं असेल की आपण तो का घेतला. ताप होता, गारठा होता, नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि "घोटभर घे" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. चहा प्याली, कपबशी विसळून परत कोनाड्यात ठेवली. विसळायची ती आपणच. तेही हाताला ठाऊक होतं.

गावात गोष्टीला पाय फुटायला काय लागतं? दुपारपर्यंत चावडीवर झालं, की जळबाची बायको पुन्हा गावचं झाडायला लागली, पाटलाकडं चहाबी घेतला.

नाताळाआधी फादर वर्गीस कबुल्या ऐकायला आले. केरळचे, पुस्तकातून मराठी शिकलेले, त्यामुळे प्रत्येक शब्द इस्त्री केल्यासारखा बोलायचे. गयाबाई त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "फादर, मी पाटलाच्या दारी चहा घेतला."

"चहा पिणे पाप नाही, गयाबाई."

"साखरंचा होता."

"आजारपणात साखर घेतली तरी पाप नाही."

"कोनाड्यातल्या कपात घेतला."

कोनाडा म्हणजे काय ते पाच वर्षांत फादरना समजलं होतं. ते म्हणाले, "ते पाप तुमचे नाही. तो कप ज्यांनी ठेवला त्यांचे आहे. तरी तुमच्या समाधानासाठी तीन 'नमो मारिया' म्हणा."

गयाबाई बाहेर आली ती धुसफुसतच. तीन प्रार्थनांत हे भागायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चूक चारचौघांत झाली होती, ती कानात सांगून कशी फिटणार?

फिटली नाहीच. पुढचं वर्षभर पाटलांचा गडी धनसिंग दारात येऊन उभा. पोळ्याला चावडी झाड, दसऱ्याला वेस झाड. ती दरवेळी "न्हाई" म्हणायची आणि तो दरवेळी जाताना हसायचा, की न्हाई म्हणणाऱ्या बाया पहाटेच्या अंधारात काय करतात ते आमाला ठाव हाय. जळबानं उपाशी राहून मिळवलेलं तिनं एका घोटात घालवलं होतं. हे गावाला वाटायचं त्याचं तिला फारसं काही नव्हतं. पण घरात लेकीलाही तेच वाटत होतं, त्याचं दुःख होतं.

रागिणी तेव्हा जवळा बाजारला बारावीला. पोरगी तिखट, अभ्यासाला हुशार, आजीसारखं धारदार नाक आणि तशीच जीभ. नव्याण्णवच्या आगमनकाळाचा पहिला रविवार आला, गयाबाईनं नवा फडा बांधून दाराशी टेकवला आणि पणती लावली. रागिणीनं पणतीकडं पाहिलं, फड्याकडं पाहिलं.

"मी याला हात लावणार न्हाई, माय."

"काहून?"

"कालिजात पोरी विचारतात, तुमच्याकडं अजून गावकी हाय का म्हणून. बापानं गावकी सोडून दाखवली, तू चहावर परत गेलीस."

गयाबाईच्या हातातली काडेपेटी खाली पडली. लेकीला एक लगावून द्यावी असं तिला वाटलं, पण खरं बोलणाऱ्याला मारायचं तरी कसं? ती एवढंच म्हणाली, "देवाचं काम हाय ते."

"देवाचं हाय तर अंधारात काहून करतीस?" रागिणी म्हणाली. "अंधारात तर गावकी करायचे. तोंड दिसू नये म्हणून. देवाला तुझं तोंड बघवत न्हाई का?"

एवढं बोलून ती पुस्तक घेऊन बसली. गयाबाई त्या दिवशी जेवली नाही. नंतरचे दोन आठवडे ती पहाटे उठून एकटीच झाडत राहिली, दारापुढचं, मग वस्तीतलं. झाडताना लेकीचं वाक्य प्रत्येक फटकाऱ्याबरोबर कानात वाजायचं. सासूनं सगळे नियम घातले, आणि उजेडात झाडायचं, हा नेमका राहिला.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी धनसिंग आला. या खेपेला हातात टोपली, टोपलीत पायलीभर ज्वारी, वर नारळ. "गयाबाई, उद्या पाटलाच्या पोरीचं लगीन हाय. दारापुढं मांडव घातला. तुमी उद्या तसंबी गावातून झाडतच येणार. तर मांडवाखालचं बराबर झाडून घ्या, पाटलांनी सांगितलंय. ही तुमची ज्वारी."

"मी गावचं झाडत न्हाई, धनसिंगभाऊ."

"मग वरसावरसाला काय करून राहिल्या?"

"माझ्या देवाची वाट झाडून राहिले."

धनसिंगनं टोपली उंबऱ्यावरच्या दोन पणत्यांशेजारी ठेवली. तो माणूस वाईट नव्हता, निरोप्या होता. "मांडव रस्त्यावरच हाय बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "या कडंपासून त्या कडंपर्यंत. तुमच्या देवाला बी मांडवाखालूनच जावं लागंल. पाटील म्हणले, झाडायचं तर सगळं झाड, न्हाईतर गावात फडा घेऊन पाय ठेवू नको."

टाकळीत मांडव रस्त्यावरच घालतात, त्यात नवल नाही. पण पेच बघा. मांडवाखालून झाडलं, तर पाटलाचं लग्न झाडलं. गावाबाहेरून वळसा घातला, तर आयुष्यात पहिल्यांदा देवाची वाट वाकडी झाली. घरात बसलं, तर जिंकले पाटील. रागिणी दाराआडून ऐकत होती. आई काय करते ते ती बघत राहिली. गयाबाईला ते कळत होतं. पाटलांना उत्तर द्यायला तिला अवघड नव्हतं. पाठीवर लेकीची नजर होती, ती जड होती.

तिनं टोपली उचलली, धनसिंगच्या हातात परत दिली. "ज्वारी पाटलांना दे. सांग, गया उद्या येणार हाय. पहाटं न्हाई. धा वाजता येणार."

रविवारी सकाळी तिनं डोक्यावरून पाणी घेतलं. ट्रंकेतलं जांभळं पातळ काढलं, जे ती फक्त नाताळच्या मिस्साला, म्हणजे मोठ्या प्रार्थनेला, नेसायची. तिसरी पणती लावली. रागिणी चुलीपुढं बसली होती. "येतीस का?" असं गयाबाईनं विचारलं नाही, आणि ती उठली नाही. दहाच्या ठोक्याला गयाबाई फडा घेऊन बाहेर पडली.

वस्तीपासून गावापर्यंत तिनं नेहमीसारखं झाडलं. फरक एवढाच की या खेपेला सगळं गाव बघत होतं. पिठाच्या गिरणीपुढची माणसं उठून उभी राहिली. एकानं ओरडून विचारलं, "काय गयाबाई, लग्नाची सुपारी घेतली का?" ती म्हणाली, "मला कुणाची सुपारी न्हाई," आणि झाडत राहिली. कंबर वाकलेली, मान ताठ. उजेडात झाडताना रस्त्यावरचा खडा न्‌ खडा दिसत होता, आणि एकवीस वर्षं आपण हे अंदाजानं केलं याचं तिला हसू आलं.

झाडत झाडत ती मांडवाच्या झालरीपर्यंत आली. आत गाद्या, खुर्च्या, पाहुण्यांची गर्दी, वाजंत्री. झालरीच्या एक हात अलीकडं तिनं शेवटचा फटकारा मारला, फडा आडवा ठेवला आणि त्याच्यामागं मांडी घालून रस्त्यात बसली.

उकंडराव पाटील फेटा सावरत बाहेर आले. अंगानं भरलेला, आवाजानं त्याहून भरलेला माणूस. "काहून बसलीस? झाड की पुढं."

"मांडव उतरला की झाडीन."

"म्हंजे?"

"वाट माझ्या देवाची हाय, मांडव तुमचा हाय. तुमचा मांडव मी झाडणार न्हाई आन्‌ माझी वाट वाकडी करणार न्हाई. पोरगी तुमची सुखानं नांदो, पाटील. माझं तिच्याशी भांडण न्हाई. मी बसते."

पाटलांच्या मानेच्या शिरा फुगल्या. पण लेकीच्या लग्नाचा दिवस, व्याह्यांकडची माणसं बघताहेत, त्यांत दोन मास्तर आणि एक वकील. बाईला हात लावून उचलायची सोय नव्हती. शिवाय दुसरी एक गंमत झाली. फडा असो की केरसुणी, ती लक्ष्मी, ती ओलांडायची नसते. लग्नाला तर नाहीच नाही. त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा, नवरदेवासकट, रस्त्याच्या कडेनं काटेकोर वळसा घालून मांडवात शिरायला लागला. सगळं गाव आयुष्यभर ज्या घरापासून वळसा घालून गेलं, त्या घरातल्या बाईला ते आज वळसा घालत होतं, आणि तोही तिच्या फड्याचा मान राखून.

अक्षता पडल्या. पंगती बसल्या. ऊन डोक्यावर आलं. गयाबाई माळेचे मणी सरकवत बसून होती. पाठ दुखत होती, घसा कोरडा पडला होता, आणि खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटत होती. देवासाठी बसलोय की हट्टासाठी, हेही तिला मधूनच कळेनासं व्हायचं. मग ती म्हणायची, दोन्हीसाठी असेल, देवानं बघून घ्यावं.

तीनच्या सुमाराला लोचनाबाई बाहेर आली. नव्या लुगड्यात, काठी टेकत. हातात चहाची किटली. कोनाड्यातली कपबशी तिनं काढली. तिच्या मनात खोट नव्हती, तीच तर अडचण होती. "सकाळधरनं बसलीस गं. घोटभर घे."

मांडवातली माणसं वळून बघायला लागली. गयाबाई उठून उभी राहिली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्याबाई, मागल्या साली मी ह्या कपात चहा घेतला. ती माझी चूक झाली. सगळ्यांसमोर सांगते, चूक झाली. तुमी मायेनं देता, मला ठाव हाय. पर ह्या कपात न्हाई. पुन्हा कधीच न्हाई."

फादरनी दिलेल्या तीन प्रार्थनांत जे फिटलं नव्हतं ते आता फिटलं. तिला एकदम हलकं वाटलं.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. झाडलेल्या रस्त्यानं रागिणी येत होती. एका हातात घरची जर्मनची किटली, दुसऱ्या हातात स्टीलचे तीन पेले, सगळे सारखे. ती आईशेजारी रस्त्यात बसली, जणू आपल्या ओट्यावरच बसतेय.

"आज आनंदाचा रविवार हाय माय," ती म्हणाली. "गूळ घातलाय."

तिनं एक पेला आईला दिला, एक स्वतःला घेतला. मग तिसरा भरला आणि वर धरला, लोचनाबाईपुढं.

"घ्या आज्जी. आमच्या घरचा हाय."

लोचनाबाई पेल्याकडं बघत राहिली. तिचा हात काठीवरून थोडा उचललासुद्धा. मग तिनं मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या लेकाच्या तोंडाकडं पाहिलं, आणि आत निघून गेली. तिसऱ्या पेल्यातला चहा तसाच थंड होत राहिला. रागिणीनं तो ओतला नाही. मायलेकी आपापला चहा सावकाश प्याल्या.

मांडववाल्याला दुसऱ्या दिवशी कळमनुरीचं लग्न होतं. त्यानं पाच वाजताच बांबू उपटायला घेतले. शेवटचा बांबू निघाला तशी गयाबाई उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या. तिनं फक्त वाट झाडली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पत्रावळी, फुलं, अक्षता, सगळं पाटलांच्या अंगणाच्या रेषेपाशी नीट लोटून ठेवलं आणि म्हणाली, "तुमचं तुमच्या दारात ठेवलं हाय. उचलून घ्या." अर्धी वाट झाली तेव्हा रागिणीनं तिच्या हातातून फडा घेतला आणि उरलेली अर्धी तिनं झाडली.

चौथ्या आठवड्यात वाट फाट्यापर्यंत गेली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी फड्याची मूठ सोडायला बसल्या तर दोरी सुटेना. रागिणीनं दातांनी गाठ सोडवली. बाळ येशूला त्या वर्षी बिछाना जरा खरबरीतच मिळाला, कारण फडा उन्हातला, चांगलाच झिजलेला. नाताळच्या दुपारी फादर वर्गीस आले, मिस्सा झाली, करंज्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई केरसुण्या बांधत बसली असताना वस्तीच्या वाटेवर काठीचा आवाज आला. लोचनाबाई. एकटी. पाटलांच्या घरातली बाई वस्तीत पायी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. केरसुणी लागली तर गडी यायचा.

"नातवाचंबी लगीन हाय, नातसून यायची माघी पौर्णिमेला," म्हातारी दारात उभी राहून म्हणाली. "नवी केरसुणी पाहिजे."

"धनसिंगला धाडायचं, आत्याबाई. तुमी काहून तकलीफ घेतली?"

म्हातारीनं इकडंतिकडं पाहिलं. टोपलीतल्या बाळाकडं पाहिलं. मग काठीच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढत म्हणाली, "त्या दिवशीचा चहा ऱ्हायला माझा."

रागिणीनं चटकन आईकडं पाहिलं. गयाबाई उठून आत गेली. फळीवर पुढं स्टीलचे पेले होते, आणि मागं, कधीचा टाकायचा राहिलेला, कान तुटलेला एक चिनी कप. तिचा हात त्या कपापर्यंत गेला. ह्यातच वरून चहा ओतून द्यावा, विसळून ठेव म्हणून सांगावं, एकदा तरी कळू दे. एवढं सगळं तिच्या मनात येऊन गेलं, आणि ते आपण आता पुढच्या कबुलीत फादरला सांगणार हेही तिला तिथंच कळलं.

तिनं पेला उचलला. चहा भरला, आगमनकाळ संपला होता म्हणून गूळ बक्कळ. बाहेर येऊन तिनं घोंगडी अंथरली आणि पेला म्हातारीच्या हातात दिला. लोचनाबाईनं एक घोट घेतला, डोळे मिटले, सगळा प्याली. मग सवयीनं रिकामा पेला हातात धरून ती दाराबाहेरच्या भिंतीकडं बघायला लागली, कुठं ठेवू म्हणून.

"इकडं आणा," गयाबाई म्हणाली. "आमच्या भिंतीला कोनाडा न्हाई, आत्याबाई."

आणि तो पेला तिनं आत नेऊन, आपल्या दोन उष्ट्या पेल्यांसोबत, एकाच पाण्यात विसळला.